टाचा मातीत होत्या

"मंग तुमी नेमकं शिकवता काय?" नोकरी लागल्याच्या पहिल्या आठवड्यात हा प्रश्न मला गावातल्या निदान वीस जणांनी विचारला. गणिताचे मास्तर गणित शिकवतात, हिंदीवाले हिंदी. मी पोरांना मैदानावर पळवतो, उड्या मारायला लावतो आणि महिना भरला की पगार घेतो, हे कुणाच्या डोक्यात बसत नव्हतं. पिठाच्या गिरणीवर एक म्हातारा तर म्हणाला, "माह्ये नातू दिवसभर फुकटात पयतात. त्यायचा पगार कोनाले मांगू?" मी हसलो, पण घरी जाताना विचार करत गेलो की म्हातारा चुकीचं काय बोलला.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वाशिम तेव्हा तालुका होता, जिल्हा अकोला. आमचं गाव अनसिंगच्या बाजूला, आणि गावात नुकतंच हायस्कूल झालं होतं. शाळेला खेळाचा मास्तर पाहिजे असा वरून कागद आला, आणि पंचक्रोशीत तसला कोर्स केलेला मी एकटाच निघालो. अमरावतीहून वर्षभराचा कोर्स करून मी परत आलो तेव्हा माझ्याजवळ एक शिट्टी, नियमांची एक वही आणि पांढरे कॅनव्हासचे बूट होते. दुष्काळ सरून थोडेच दिवस झाले होते. लोकांच्या तोंडातून रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीची चव अजून गेली नव्हती. अशा दिवसांत खेळाचा पगार घेणारा माणूस म्हणजे गावाला एक करमणूकच झाली.

मला स्वभावानेच चौकशा फार. माय म्हणायची, "याले कुत्र्याच्या वाकड्या शेपटाचंही कारण लागते." म्हाताऱ्याच्या बोलण्यानंतर मी एक शंभर पानी वही केली. खेळावर कोण कोण जगतं ते त्यात लिहायचं, एवढाच नेम. कारंजाला बाजाराच्या रस्त्यावर एक चांभार फाटलेले व्हॉलीबॉल शिवायचा, तो पहिल्या पानावर. मग शंकरपटात बैलजोड्यांची वेळ मोजणारा घड्याळवाला. त्याला चार तालुक्यांतून बोलावणं यायचं आणि तो जावयासारखा रुसायचा. पहिलवानांची अंगं रगडून देणारा एक न्हावी. रिसोडच्या अडत बाजारातला एक हमाल, जो दिवसभर ज्वारीची पोती वाहायचा आणि दंगलीच्या दिवसांत गावोगाव कुस्त्या मारून खुराकाचा खर्च काढायचा. हे सगळे सापडले की मला घबाड सापडल्यासारखं व्हायचं. आपण एकटेच नाही, असं वाटायचं.

त्या वहीत एक पान मी अर्धवट सोडलं होतं. त्यावर फक्त "डफडं" एवढंच लिहिलेलं होतं.

गावच्या दंगलीत डफडं वाजवायचं काम आमच्या घराकडे होतं. बा वाजवायचा, त्याच्या आधी त्याचा बाप वाजवायचा. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीने बसून ठरवलं की आता गावाचं डफडं वाजवायचं नाही आणि मेलेलं ढोर ओढायचं नाही. त्याच आठवड्यात बाने डफड्याचं कातडं फाडून नदीत सोडलं. लोखंडी गोल तेवढा मायने ठेवून घेतला आणि त्यावर पाण्याचा माठ बसवला, कारण आमचा माठ डुगडुगत असे. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. गावाने मग दोन वर्षं आमच्या माणसांना शेतावर बोलावलं नाही. बा रेल्वेच्या गँगमध्ये लागला, आणि खांद्यावर हातोडा घेऊन लाइनीवरून चालणं हे त्याचं काम झालं. डफड्याविषयी मी त्याला लहानपणापासून विचारत आलो होतो. बाकी कशालाही तो उत्तर द्यायचा, याला नाही. "झालं ते," एवढंच म्हणायचा आणि उठून जायचा.

त्यानंतर दंगलीला वाशिमहून बँड येऊ लागला. बँडवाले सिनेमाची गाणी वाजवायचे, आणि कुस्तीशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. मातीत दोन पहिलवान एकमेकांच्या माना मोडत असायचे आणि इकडे विरहाचं गाणं चालू. नेमकी कुस्ती रंगात आली की त्यांची बिडीची वेळ व्हायची. तरी बा दर नागपंचमीला दंगलीला जायचा. आखाड्याच्या पश्चिमेला एक निंब होता, त्याच्याखाली उभा राहायचा. सावलीसाठी उभा राहतो, असं मला वाटायचं.

शाळेत दोन वर्षं होत आली होती. माझी नेमणूक तात्पुरती होती. नागपंचमीनंतरच्या सोमवारी संस्थेची बैठक होती आणि मला कायम करायचं की नाही ते तिथे ठरणार होतं. कायम झालो तर आमच्या वस्तीतला पहिला कायम मास्तर मी होणार होतो. मायने त्यासाठी साखर आणून डब्यात ठेवली होती, आणि मला सांगितलं होतं की या डब्याला हात लावायचा नाही.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. दंगलही तेच भरवायचे. नागपंचमीच्या चार दिवस आधी ते मैदानावर आले. पोरं खो-खो खेळत होती, ती थांबली.

"मास्तर, यंदा दंगलीत पंच तुमी," ते म्हणाले.

"मी? माझा हात कबड्डीचा आहे साहेब. कुस्ती मी वहीत शिकलो."

"शिकले ना? तुमच्यापाशी कागद हाय. दरसाली दोन म्हातारे पाटावर बसून पान खातात आन् हात वर करतात, त्यायच्या सहीले कोन इचारते? पुतन्याले पोलिसात टाकाचं हाय. शेवटची कुस्ती जिंकली का तुमच्या सहीचं प्रमाणपत्र द्या. कायदेशीर."

मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. ज्या माणसाला गाव विचारत होतं की तू शिकवतोस काय, त्याच्या सहीला किंमत आली होती. घरी येऊन मी बाला सांगितलं. तो भाकरी मोडत होता.

"तुह्या कोर्सात कुस्ती शिकवली?"

"शिकवली. दोन्ही खांदे जमिनीला लागले की चीत."

"हं," बा म्हणाला आणि बेसनाचा घास घेतला. त्याला आणखी काही म्हणायचं असावं, पण मी नियम वाचून दाखवायला लागलो आणि तो ऐकत राहिला.

नागपंचमीला सकाळी पाऊस पडून गेला आणि दुपारनंतर उघडला. आखाड्यात लाल माती आणून टाकली होती, त्यात ताक आणि हळद कालवली होती. लहान कुस्त्या झाल्या, नारळाच्या बक्षिसाच्या झाल्या. मी शिट्टी तोंडात धरून गोल फिरत होतो आणि सगळं मला फार सोपं वाटत होतं. लहान पोरं पडतात तेव्हा पडतातच, त्यात पाहायला काही नसतं.

शेवटची कुस्ती चांदीच्या कड्याची. एकीकडे अध्यक्षांचा पुतण्या, दुधातुपावर वाढलेला, विशीतला. दुसरीकडे माझ्या वहीतला तो रिसोडचा हमाल. त्याचे खांदे पोत्यांनी काळे पडलेले होते आणि मान नव्हतीच, डोकं सरळ खांद्यावर बसवलेलं. सलामी झाली. अर्धी घटका दोघं नुसते एकमेकांच्या मनगटांशी खेळत राहिले. बँडवाल्यांनी एक गाणं संपवलं आणि बिड्या पेटवल्या.

तेवढ्यात पुतण्या खाली शिरला, त्याने हमालाला कमरेत धरून उचललं आणि फिरवून खाली आणलं. हमाल पाठीवर गेला. डोकं मातीत रोवून त्याने कंबर उचलून धरली आणि पुतण्या त्याच्या छातीवर चढला. मी धावत पुढे गेलो. ऊन ढगाखालून निघून समोरून माझ्या डोळ्यांत येत होतं. एक खांदा मातीला लागलेला मला दिसला. दुसऱ्यावर पुतण्याचं सगळं अंग होतं. मी वाकलो. चहूकडून गाव ओरडायला लागलं. इतके लोक ओरडतात म्हणजे त्यांना दिसलं असणार, असं माझ्या मनात आलं, आणि मी शिट्टी फुंकली.

पोरं आखाड्यात घुसली. बँड सुरू झाला. पुतण्याला खांद्यावर घेतलं आणि मी त्याचा हात वर केला. त्या गोंधळात माझी नजर निंबाकडे गेली. बा तिथे उभा होता. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं धोतरावर वाजत होती. पटापटा, एका लयीत. कुस्ती संपून गेली होती, कडं आणायला माणूस धावला होता, आणि बाची बोटं वाजतच होती. मातीत पडलेला हमाल कुशीवर वळून उठून बसला, तेव्हा कुठे ती थांबली.

हमालाने वाद घातला नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, पाठीची माती झटकली आणि सदरा घालून स्टँडकडे गेला. शेवटची एस.टी. त्याला गाठायची होती. त्याची ती नजर मला आवडली नाही.

दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो.

"बा," मी म्हटलं, "मी शिट्टी मारल्यावरही तुही बोटं काहून चालू होती?"

"कोनती बोटं?"

"मांडीवरची."

बाने हात एकदम ताटाकडे नेला. माय हसली. "सांगून टाक ना त्याले. दरसाली दंगलीतून येते तं मांडी लाल असते. मले वाटे मच्छर चावले."

मी आज मागे हटणार नाही हे बाला कळलं असावं.

"संपली नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"कुस्ती. त्याची पाठ लागली नव्हती."

"तुले तेवढ्या दुरून कसं दिसलं? मी हातभर अंतरावर होतो. मले दिसलं नाही."

"तू खांदे पाहून राह्यला होता. खांद्यावर माती असते, घाम असते, दुसऱ्याचं आंग असते. काई दिसत नाई. टाचा पाहाव्या." बाने दोन बोटं ताटाच्या काठावर रोवून दाखवली. "माणूस पुलासारखं आंग उचलून धरते तं जोर कोठून येते? टाचांतून. टाचा मातीत रुतून हायेत तोवर तो लढून राह्यला. पाठ लागली का टाचा हलक्या होतात, आपोआप. त्याच्या टाचा मातीत होत्या. तू शिट्टी मारली तवाबी होत्या. आन् दुसरं, पंचानं उन्हाकडं तोंड करून उभं राह्यचं नसते. मी निंबाखाली कायले उभा राह्यतो? पाठीवर ऊन घ्यासाठी."

मी जेवायचं विसरलो. इतकी वर्षं ज्या दारावर टकटक करत होतो ते बाने स्वतःच उघडलं होतं आणि मला आत सगळं पाहून घ्यायचं होतं. डफडंवाल्याला हे सगळं कशाला माहीत पाहिजे, मी विचारलं.

"नाई तं थांबीन कवा? नुसती हातांची खडाखडी चालू असली का धीमं वाजवाचं, डाव पडला का जल्द. आन् पाठ लागली का थांबाचं. लवकर थांबलो तं पहिलवान मारते, उशिरा थांबलो तं गाव मारते. आमचा बाप मले आखाड्यात नेऊन नुसत्या टाचा दाखवे, दोन वर्सं. मंग हातात काडी देल्ली."

"आन् पाटावरचे म्हातारे?"

"ते पान खात. डफडं थांबलं का हात वर करत."

"म्हणजे निकाल तू देत होता."

"मी कायचा निकाल देतो," बा म्हणाला. "मी थांबत होतो."

मग त्याच्या लक्षात आलं की मी काय विचार करतोय. सकाळी मला अध्यक्षांकडे प्रमाणपत्रावर सही करायला जायचं होतं. मायच्याही लक्षात आलं. "शिट्टी मारली, संपलं," ती म्हणाली. "सोमवारी बैठक हाय. आता कोनाले काय सांगाचं?" आणि तिची नजर साखरेच्या डब्याकडे गेली. मला तिचा राग आला नाही. मलाही तेच वाटत होतं.

बा हात धुवायला उठला. "तुले कराचं ते कर," तो म्हणाला. "पन माहं नाव नको घेऊ. त्या घरात पुन्हा डफड्याचा इषय नको."

सकाळी मी आधी आखाड्यावर गेलो. टाचांचे खड्डे दिसतील, एवढी एक आशा होती. पण पोरांनी सगळी माती तुडवून सपाट केली होती. हातात पुरावा नव्हता आणि बाचं नाव घ्यायचं नव्हतं. एक खेळाचा मास्तर आपलाच निकाल चुकला म्हणतो आणि का म्हणतो ते सांगत नाही, असला प्रकार घेऊन मी अध्यक्षांच्या घरी, बैठकीच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

प्रमाणपत्र टाइप करून तयार होतं. वाशिमहून करून आणलं होतं. खाली रेघ मारली होती, "पंचाची सही".

"साहेब, मला सही करता येणार नाही," मी म्हटलं. "काल माझी चूक झाली. त्याची पाठ लागली नव्हती."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "गावानं पाह्यली."

"गाव ओरडलं म्हणून मी शिट्टी मारली. ऊन माझ्या डोळ्यांवर होतं. मला दिसलं नाही."

"काल दिसलं नाई, मंग रातीतून कसं दिसलं?"

मी तो कागद त्यांच्याकडे सरकवला. ते हळू आवाजात म्हणाले, "निंबाखाली उभा होता तो?"

"कोण?"

"तुमचा बाप. दरसाली तठीच उभा राह्यते. डफडं होतं तवाबी तठीच राह्यचा. आमी लहान होतो तं कुस्तीकडं नाई, त्याच्या काडीकडं पाह्यत राहो." ते थांबले आणि त्यांचा आवाज परत चढला. "तं आता त्याच्या म्हनन्यावर निकाल फिरवाचा? सोमवारी बैठक हाय, मास्तर. ध्यानात हाय ना?"

"आहे," मी म्हटलं. धीट माणसाचे पाय लटपटत नाहीत असं पोरांना शिकवत असे, ते त्या दिवसापासून बंद केलं.

आतल्या दारात पुतण्या उभा होता. कधीचा उभा होता कोण जाणे. तो बाहेर आला आणि हातातलं कडं ओढून काढू लागला. ते त्याच्या हाताला घट्ट बसत होतं, निघायला वेळ लागला.

"काका, मास्तर खरं बोलून राह्यले," तो म्हणाला. "माहा हात त्याच्या पाठीखाली होता. माती नाई लागली, हवा लागली. मले कालच मालूम होतं."

"मंग काल काहून नाई बोलला?"

"तुमी सगळे मले उचलून नाचून राह्यले होते. कोनाले बोलू?"

अध्यक्षांनी प्रमाणपत्राची घडी केली आणि खिशात ठेवली. मला जा म्हणाले नाहीत, बस म्हणाले नाहीत. मी आपला निघालो. सोमवारी बैठक झाली आणि माझी नेमणूक आणखी एक वर्ष तात्पुरती ठेवली गेली. मायने साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. बा दोन दिवस माझ्याशी फारसं बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून येताना त्याने वाटेवरच्या शेतातून माझ्यासाठी काकडी आणली, मीठ लावून दिली आणि शेजारी बसला.

कडं रिसोडला पोचवायला पुतण्याने मलाच सांगितलं. मी एस.टी.ने गेलो. अडत बाजारात हमालाच्या पाठीवर पोतं होतं. ते टाकून तो आला आणि त्याने माझ्या हातातल्या कड्याकडे पाहिलं.

"कोनं पाह्यलं?" त्याने विचारलं.

"माझ्या बानं. तुमच्या टाचा पाहिल्या म्हणे."

तो हसला. एक पाय उचलून त्याने मला टाच दाखवली, भेगाळलेली, भाकरीच्या करपलेल्या काठासारखी कडक. "याच्यावर तं सारं हाय मास्तर. पोतंबी याच्यावरच उठते." कडं त्याने कमरेच्या फडक्यात बांधलं आणि परत पोत्याखाली गेला.

पुढच्या वर्षी नागपंचमीच्या आधी अध्यक्ष आमच्या घरी आले. आमच्या वस्तीत ते मतं मागायला येत, घरात कधी आले नव्हते. मायने खाटेवर गोधडी टाकली आणि माठातलं पाणी दिलं. ते पेला हातात धरून बसले. त्यांची नजर माठाखालच्या लोखंडी गोलावर गेली.

"यंदा दंगलीले पाहिजे होतं," ते म्हणाले.

"डफडं नाई वाजवाचा मी," बा म्हणाला.

"डफडं कोन मांगते? मास्तराच्या हाती शिट्टी राहू द्या. मातीत तुमी उभे राहा. पंच म्हनून."

बाने माझ्याकडे पाहिलं. ते "तुमी" बालाही ऐकू आलं होतं. आजवर अध्यक्ष त्याला तू म्हणत आले होते, त्यांचा बापही तू म्हणत आला होता. अध्यक्षांनी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि पेला खाली ठेवला.

"पाठीवर ऊन येईन असा उभा राहीन," बा म्हणाला. "कोनी मधात यायचं नाई."

त्या वर्षी शेवटची कुस्ती पुन्हा त्या दोघांचीच लागली. मी शिट्टी तोंडात धरून बाच्या बाजूला उभा होतो. या खेपेला पुतण्या खाली गेला. हमालाने त्याला असं आपटलं की गाव एका आवाजात ओरडलं, "चीत!" हमाल वरून दाबत होता. अध्यक्ष पाटावरून अर्धे उठले. मी टाचांकडे पाहत होतो, पण खरं सांगायचं तर मला नीट कळत नव्हतं. म्हणून मी बाच्या हाताकडे पाहिलं. बोटं मांडीवर वाजत होती, जल्द. मी शिट्टी दातात धरून ठेवली. गाव मला शिव्या देऊ लागलं. बोटं वाजतच होती. पुतण्याने टाचेवर जोर देऊन अंग फिरवलं, हमालाचा हात निसटला, आणि दोघं उलटेपालटे झाले. आता हमाल खाली होता. त्याने पूल बांधला, मोडला, परत बांधला, परत मोडला. मग बाची बोटं थांबली, हात वर गेला आणि मी शिट्टी फुंकली. हमाल उठला आणि आधी बाच्या पाया पडला, मग पुतण्याशी हात मिळवला.

मला त्या वर्षी कायम केलं. मायने साखरेचा डबा काढला, साखरेला गाठी झाल्या होत्या, त्या फोडून तिने वस्तीभर वाटली. पुतण्याचं प्रमाणपत्र नवीन टाइप करून आलं, तेव्हा मी म्हटलं की सही बाचीच पाहिजे. बाला सही येत होती. रेल्वेच्या पगारपत्रकावर करता करता शिकला होता. त्याने माझं पेन घेतलं, रेघेवर हळूहळू नाव लिहिलं आणि सवयीने पुढे गँगचा नंबरही लिहून टाकला. पुतण्या म्हणाला, राहू द्या. तो कागद तसाच पोलीस भरतीत गेला आणि चालला.

सगळे गेल्यावर बाने मला ती शंभर पानी वही मागितली. ती त्याला वाचता येत नव्हती. डफड्याचं पान मी उघडून दिलं.

"आता मी करतो त्या कामाले काय म्हनते या वहीत?"

"पंच."

"आन् पयले करत होतो त्याले?"

मी पेन उघडून बसलो होतो. म्हटलं, "तेही पंचच बा."

बाने वही माझ्याकडे दिली. उठला, माठातलं पाणी घेतलं, प्यायला आणि पेला पालथा घालून ठेवला.